नकाशावरची वाडी आणि मुहूर्ताची वाडी

‘आमच्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद दत्तूकाका यांनी नुकतीच बडोद्यास भेट देऊन, तेथील एड्स-प्रतिबंधक कार्यक्रमाच्या याद्यांत अल्पशिक्षित कार्यकर्त्यांनी करून ठेवलेला घोटाळा आपल्या तीक्ष्ण नजरेने एका बैठकीत हेरला व संगणकाच्या साहाय्याने दुरुस्त केला. अनेक दुर्दैवी भगिनींवर त्यांचे हे मोठे उपकार आहेत.’

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या गेल्या अंकात चिटणीसांनी असे छापले आहे. चिटणीस माझे मित्र आहेत. रोज सकाळी आम्ही एकत्र फिरतो आणि रोज भांडतो, म्हणून संकोच न करता लिहितो. वरील मजकुरात खरे एवढेच आहे की मी बडोद्यास गेलो होतो. घोटाळा कार्यकर्त्यांचा नव्हता, तो हेरला मी नाही आणि दुरुस्ती संगणकाने केली नाही. उपकारांबद्दल शेवटी बोलू. चिटणीसांनी ही हकिगत माझ्या सुनेकडून ऐकली, सुनेने ती फोनवर बडोद्याहून ऐकली. ज्याच्याविषयी ती आहे त्याची साक्ष काढण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ती आता मी न मागता देतो.

मी सांख्यिकी खात्यात चौतीस वर्षे काढली. माझी भाची माधवी लग्न होऊन बडोद्यास गेली. ती तेथे एका संस्थेत आकडेवारीचे काम पाहते. ज्यांना एच. आय. व्ही.ची बाधा होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो, अशांपर्यंत तपासणी, निरोध आणि औषधोपचार पोहोचवणे हे त्या संस्थेचे काम. माधवीची संस्था मुख्यतः शरीरविक्रय करावा लागणाऱ्या स्त्रियांसाठी काम करते. कार्यकर्त्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवतात. नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक, तारीख, स्थळ, आणि तपासणी झाली की नाही एवढेच. या नोंदींवरून तपासणीची गाडी कोठे पाठवायची हे ठरवावे, अशी कल्पना होती. गाडी एकच आहे, त्यामुळे ती चुकीच्या ठिकाणी उभी राहिली तर योग्य ठिकाणी कोणीच उभे राहत नाही.

माधवीने विचारले, “मामा, नोंदींचे वर्गीकरण तुम्ही कराल का?” संस्थेची परवानगी घेतली, मी गुप्ततेच्या कागदावर सही केली आणि गेल्या वर्षभराच्या नोंदी माझ्याकडे आल्या. टंकलेखकाने त्या गुजरातीतून देवनागरीत उतरवल्या होत्या. मी स्थळांना क्रमांक दिले, बेरजा केल्या आणि हाताने एक मोठा नकाशा काढला. स्थळाच्या रकान्यात सर्वांत अधिक वेळा एकच शब्द होता: ‘वाडी’. बडोद्याच्या जुन्या शहरात वाडी नावाचा दाट वस्तीचा भाग आहे, हे मला ठाऊक होते. तेथे मी लाल शाईचे एक भले मोठे वर्तुळ भरले. नकाशा सुबक झाला होता, आणि तो स्वतः नेऊन दाखवावा अशी मला इच्छा झाली.

साताऱ्याहून पुण्यापर्यंत एस.टी. आणि पुढे रेल्वे. नकाशा पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून मी तो उशाशी घेतला होता. उजाडता उजाडता जाग आली तेव्हा सुरत मागे पडली होती. समोरच्या बाकावर एक गुजराती गृहस्थ दाणे सोलत बसले होते.

“काका, आमां शुं छे? पतंग?” (यात काय आहे? पतंग?) नळीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले.

“नकाशा,” मी म्हणालो. “बडोद्याचा.”

“नकाशो?” ते हसले. “रिक्शावाळाने पूछी लेजो ने!” (रिक्षावाल्याला विचारा की!)

नकाशा आणि रिक्षावाला यांतील भेद मी त्यांना समजावून सांगत असतानाच गाडी भरूचजवळ नर्मदेच्या पुलावर आली. खाली पाणी दुधी रंगाचे होते, कोवळे ऊन तिरपे पडले होते, आणि एक नाव अगदी मध्यावर थांबल्यासारखी दिसत होती. आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहू लागलो. पूल संपल्यावर त्यांनी माझ्या ओंजळीत खारी शिंग (खारे दाणे) ओतली, म्हणाले, “भरूचनी छे, खाव,” आणि उतरून गेले. वाद अर्धवट राहिला, पण दाणे उत्तम होते.

बडोद्याच्या फलाटावर माधवीचे यजमान अजितराव उभे होते. त्यांचे पणजोबा संस्थानी फौजेत होते, त्यामुळे घरात अजून ‘साहेब’ आणि ‘अहोजाहो’ टिकून आहे, मात्र दर तिसरा शब्द गुजराती.

“या या, मामासाहेब! मजेत ना? जरा शांतीने उतरा, उतावळ नको.”

उत्तरायण (संक्रांत) होऊन फार दिवस झाले नव्हते. सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वाटेवर कडुनिंबांवर आणि विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. अजितरावांनी रस्त्यातच सेव-उसळ खायला थांबवले. वाटाण्याची उसळ, वर लालभडक तर्री, जाड शेव, कांद्याची पात आणि पाव. मी पहिला घास घेऊन म्हणालो, “ही मिसळ आहे. मटकी काढून वाटाणा घातला एवढेच.”

“मामासाहेब, हळू बोला, आजूबाजूला ऐकतील. मिसळ वेगळी, सेव-उसळ वेगळी.”

“उसळ हा शब्द कोणाचा?”

“शब्द तुमचा, तर्री आमची!” अजितराव म्हणाले, आणि माझ्या बशीत आणखी एक पळी तर्री ओतून घेतली. मी पुढे वाद घातला नाही, कारण डोळ्यांतून पाणी येऊ लागले होते.

बुधवारची ती दुपार. संस्थेचे कार्यालय एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होते. माधवी सरकारी दवाखान्यातील बैठकीस गेली होती. व्यवस्थापक नुकतेच परराज्यातून आलेले तरुण गृहस्थ होते. त्यांनी आदराने माझा नकाशा दारावर टांगला आणि सांगितले की शनिवारी पुढील वर्षाचा आराखडा पाठवायचा आहे. नकाशाप्रमाणे गाडी आता शहरभर न फिरवता कायमची वाडी भागात ठेवावी, असा विचार आहे. पाच कार्यकर्त्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्या ‘साथी’ म्हणवतात, कारण ज्या स्त्रियांसाठी त्या काम करतात त्यांच्यापैकीच त्या असतात. त्यांतल्या एक, पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, उठून नकाशाजवळ आल्या. त्यांना मी येथे मंजुळाबेन म्हणेन. ते त्यांचे खरे नाव नाही.

“काका, आ लाल चांदलो शेनो छे?” (हा लाल टिळा कशाचा आहे?)

“वाडीचा. तुमच्या बहुतेक भेटी वाडीत झाल्या आहेत.”

त्यांनी मागे वळून बाकीच्या चौघींकडे पाहिले. चौघींनी पदर तोंडाला लावला.

“काका, वाडीमां तो हुं आखा वरसमां एक ज वार गई. दांत पडाववा!” (वाडीत तर मी वर्षभरात एकदाच गेले. दात काढून घ्यायला!)

“मग याद्यांत वाडी कोणी लिहिले?”

“में लख्युं.” (मी लिहिले.)

“तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच नाही म्हणता?”

“पण काका, वाडी एटले वाडी!” (वाडी म्हणजे वाडी!)

येथे मी त्यांना पुढे बोलू द्यायला हवे होते. त्याऐवजी मी स्थळाचा रकाना कसा भरावा यावर व्याख्यान दिले. अर्धवट शब्द लिहू नये, पूर्ण पत्ता लिहावा, पत्त्यावाचून नोंद म्हणजे नोंदच नव्हे, इत्यादी. खात्यात असताना मी हेच व्याख्यान अनेकांना दिले होते. ‘पूर्ण पत्ता’ हे शब्द ऐकताच मंजुळाबेनच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

“ए नहीं लखाय,” त्या म्हणाल्या. (ते लिहिता येणार नाही.)

“का?”

“नहीं लखाय. अने गाडी तमे त्यां बांधी देशो, तो मारी बहेनोनुं शुं? दवाखानानी लाइनमां कोई नहीं जाय. एक दिवसनुं काम जाय.” (आणि गाडी तुम्ही तिथे बांधून ठेवलीत तर माझ्या बहिणींचे काय? दवाखान्याच्या रांगेत कोणी जाणार नाही, दिवसाचे काम बुडते.)

व्यवस्थापक म्हणाले की आकडे असे सांगतात, आणि आकड्यांपुढे आपला काय इलाज. मंजुळाबेन पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, “काले तो हुं वाडीए छुं, तमारा मराठी लोकोनुं ज लग्न छे. त्यां आवजो, काका.” (उद्या मी वाडीला आहे, तुमच्या मराठी लोकांचेच लग्न आहे. तिथे या.)

वाचकहो, मी मनातून आनंदलो. वर्षात एकदाच वाडीत गेले म्हणणारी बाई स्वतःच्या तोंडाने सांगत होती की उद्या ती वाडीत आहे!

संध्याकाळी माधवीला मी हा प्रकार तावातावाने सांगितला. ती थकून आली होती, तरी तिने नेमका प्रश्न विचारला: “मामा, नोंदीत मूळ शब्द काय होता? नुसतं ‘वाडी’, की पुढेमागे काही?” मी म्हणालो, “माझ्या वर्गीकरणावर शंका असेल तर स्पष्ट बोल.” ती बिचारी पाने घ्यायला उठली. तिने तो प्रश्न वेळेवर विचारला होता आणि मी अहंकारापोटी त्याचे उत्तर दिले नाही, ही नोंद येथे असावी.

गुरुवारी सकाळी जेवणाच्या वेळेआधी मी इस्त्रीचा कोट चढवला, नळी काखेत मारली आणि रिक्षा केली.

“वाडी,” मी म्हणालो.

“कई वाडी?” (कोणती वाडी?)

“कोणती म्हणजे? वाडी! जुन्या शहरातली!”

त्याने खांदे उडवले आणि मला वाडीत सोडले. पोळांमधल्या (गल्ल्यांतल्या) वाटा इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर आपण कोणाच्या तरी पायरीवर चढायचे. एका दारात तांब्याच्या हंड्याला कल्हई चालली होती, दुसऱ्यात न खपलेला मांजा पुन्हा फिरकीवर गुंडाळत होते. म्हाताऱ्या बायका ओट्यावर पापडीच्या शेंगा निवडत होत्या. मी तासभर हिंडलो. मला जे विचारायचे होते ते कोणालाही विचारता येण्याजोगे नव्हते, हे तेथे उभे राहिल्यावरच लक्षात आले. आणि माझे ते लाल वर्तुळ या पापडी निवडणाऱ्या बायकांच्या डोक्यावर काढलेले आहे, हा विचारही प्रथमच मनात आला. तो मी तूर्त बाजूला सारला.

अखेर भाड्याने साफे (फेटे) देणाऱ्या एका दुकानदाराने मला हटकले. माझा कोट, माझी नळी आणि माझा घाम पाहून त्याने हिंदीत विचारले, “काका, शादी में आए हो? भूले पड़े?”

“वाडी शोधतो आहे. मराठी लोकांचे लग्न आहे म्हणतात.”

“अरे, वो तो दूसरी साइड! उनके साफे सुबह मेरे यहाँ से गए। आप वाडी में वाडी ढूँढ़ रहे हो!” तो शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, “जो ने, काका वाडीमां वाडी शोधे छे!” आणि दोघेही मनमुराद हसले. मग त्यानेच रिक्षा थांबवली, चालकाला पत्ता समजावला, मला हाताला धरून बसवले आणि पाण्याची बाटलीही दिली. मी त्याचे आभार मानले नाहीत. ते येथे मानतो.

रिक्षा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. कोठे, ते मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. एका मोठ्या फाटकापाशी ती थांबली. आत मांडव, सनई, अत्तराचा वास. फाटकावर गुजरातीत पाटी होती. गुजराती लिपी आपल्या बाळबोधीसारखीच, केवळ डोक्यावरची रेघ नाही. मी एकेक अक्षर लावत गेलो. एका समाजाचे नाव, आणि त्यापुढे: ‘नी वाडी’.

गुजरातीत वाडी म्हणजे ज्ञातीचे मंगल कार्यालय. शहरात अशा वाड्या जागोजाग आहेत, आणि त्या इतरांनाही लग्नासाठी भाड्याने मिळतात. ‘वाडी’ या दोन अक्षरांत मी मराठी माणसाने एक मोहल्ला वाचला होता आणि वर्षभरातली सगळी लग्ने त्या एका मोहल्ल्यात नेऊन लावली होती. काखेतली नळी मला एकाएकी फार मोठी वाटू लागली.

“या, या! साताऱ्याहून आलात ना?” फाटकात एक फेटेवाले आजोबा म्हणाले.

“होय,” मी म्हणालो, आणि ते खरेच होते. त्यांनी मला वरपक्षाचा समजून थेट पंगतीत बसवले. पानात जिलबी आणि मठ्ठा होता, शेजारी उंधियुं (हिवाळी भाज्यांची मिश्र भाजी) होते. हा मेळ मी अन्यत्र पाहिलेला नाही आणि त्याविरुद्ध माझी काही तक्रारही नाही. वाढणाऱ्या स्त्रियांनी एकाच रंगाच्या साड्या नेसल्या होत्या. मठ्ठ्याची बादली घेऊन जी बाई माझ्यापुढे आली तिच्या चष्म्याला दोरी होती.

“अहो मंजुळाबेन!” मी ओरडलो. “बरोबर होते तुमचे! कालच्या त्या ए—”

पळीभर मठ्ठा माझ्या कोटाच्या बाहीवर आला.

“अरेरे, काका! माफ करो, माफ करो! चालो, धोई आपुं,” (चला, धुऊन देते) असे मोठ्याने म्हणत त्यांनी मला दंडाला धरून उठवले आणि मागच्या नळाकडे नेले. तेथे मोठाल्या पातेल्यांच्या आड त्यांनी माझी बाही नळाखाली धरली आणि दबक्या आवाजात मला झाडायला सुरुवात केली. त्या गुजरातीत बोलल्या; मी मराठीत देतो.

“काका, अजून एक अक्षर बोलला असतात तर उद्यापासून माझं काम बंद. माझं एकटीचं नाही, या सगळ्यांचं.”

“मला वाटले—”

“तुम्हाला फार वाटतं. आता ऐका. वाढायला येणं हे खरं काम आहे. सगळ्या तसल्या नसतात, आधी हे लिहून घ्या. काही जणींचं याच्या आडून दुसरंही ठरतं. मांडववाले, बँडवाले, सामान आणणारे ट्रकवाले. आज या वाडीत, परवा त्या वाडीत. जिथे मुहूर्त, तिथे आम्ही. आता कागदावर वाडीचं नाव लिहिलं, आणि कागद चार हातांतून गेला, तर वाडीवाला चांगली-वाईट बघणार आहे का? सगळ्यांना हाकलेल. म्हणून मी ‘वाडी’ लिहिते. खोटं नाही लिहीत, आणि पूर्णही नाही लिहीत.”

मी चौतीस वर्षांत अपुऱ्या नोंदी हजारांनी पाहिल्या. विचारपूर्वक अपुरी ठेवलेली नोंद मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

“मग गाडी कुठे उभी करायची?” मी विचारले.

“नकाशात कशाला बघता? पंचांगात बघा.” त्यांनी पिशवीतून घडी पडलेले एक छोटे तारीखपत्रक काढले. मुहूर्ताच्या तारखांभोवती गोल केले होते. “कमुरतां (लग्न वर्ज्य असलेला संक्रांतीआधीचा धनुर्मास) असतात तेव्हा आम्ही घरी, तेव्हा गाडी वस्तीत पाठवा. मुहूर्त लागले की गाडी वाडीच्या मागे. चार वाजता, भांडी घासायच्या वेळी. हात पुसायचे, गाडीत चढायचं, दहा मिनिटांत सुई टोचून परत. कोणाला पत्ता लागत नाही.”

“आणि गाडी आली नाही तर?”

त्या थोडा वेळ बाही चोळत राहिल्या. “माझीच गोष्ट सांगते. मला गाडीतच कळलं. मी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढले नसते, काका. तेव्हापासून रोज एक गोळी घेते. डॉक्टर म्हणतात, तपासणीत विषाणू आता दिसतच नाही, माझ्याकडून कोणाला जाणार नाही.” मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहून त्या म्हणाल्या, “का? मी वाढलेलं जेवलात, आता पोटात काही होतंय का?”

“मठ्ठा जरा खारट होता,” मी म्हणालो.

“आधी पिऊन तर बघा! तुम्ही बाहीने प्यायलात!”

(वाढल्याने, एकत्र जेवल्याने वा हात धरल्याने ही बाधा होत नाही. हे कंसात लिहितो, कारण आमच्या मंडळातही काहींना ते अजून सांगावे लागते आणि ते कोण हे त्यांना ठाऊक आहे.)

मी पंगतीत परत जाऊन मठ्ठा प्यायलो. तो खारट नव्हता.

शुक्रवारी सकाळी माधवीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे पंचांग उतरवून मी कार्यालयात नेले. मूळ शब्द नुसता ‘वाडी’ होता, हे सांगताच तिने कपाळाला हात लावला. “मामा! परवाच विचारलं होतं ना मी!” मी म्हणालो, “विचारले होतेस.” मग आम्ही दोघांनी ‘वाडी’ लिहिलेल्या नोंदींच्या तारखा एका बाजूला आणि मुहूर्ताचे दिवस दुसऱ्या बाजूला ठेवले. ते एकमेकांवर असे बसत गेले की मी मधूनच उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कमुरतांच्या दिवसांत ‘वाडी’ हा शब्द नोंदींतून नाहीसाच होत होता. वर्षभराच्या नोंदींत मी स्थळाचा रकाना तेवढा पाहत बसलो होतो. सांगायचे ते सगळे शेजारच्या तारखेच्या रकान्यात होते.

व्यवस्थापकांना मी सांगितले, “चूक माझी आहे.” ते सुसंस्कृत गृहस्थ. म्हणाले, “नाही सर, याद्याच अपुऱ्या होत्या, आपण आलात म्हणून उलगडले.” तेथूनच ही कथा निघाली, अजितरावांकडे गेली, माझ्या सुनेकडे पोहोचली आणि चिटणीसांनी छापली. सौजन्यातून निघालेली असली तरी ती खोटी आहे. माझ्या चुकीवर माझा हक्क आहे. ती मी स्वतःच्या हाताने, उत्तम शाईने केली आहे, आणि ती उचलून पाच स्त्रियांच्या पदरात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुपारी मंजुळाबेन आल्या. ठरले ते असे: वाडीचे नाव कोणत्याही कागदावर येणार नाही, कोणत्या दिवशी कोठे, हे फक्त त्या आणि गाडीचा चालक जाणतील, आराखड्यात एवढेच लिहायचे की गाडी मुहूर्ताप्रमाणे फिरेल. मग त्यांनी दारावरच्या नकाशाकडे बोट केले.

“आ फाडी नाखो.” (हा फाडून टाका.)

“ते वर्तुळ तेवढे खोडतो. बाकी नकाशा बरोबर आहे.”

“काका, वाडीमां पण लोको रहे छे.” (वाडीतही लोक राहतात.)

पापडी निवडणाऱ्या बायका मला आठवल्या. मी नकाशा उतरवला आणि स्वतः फाडला. कागद चांगला होता, पहिल्या झटक्यात फाटला नाही. मंजुळाबेननी दुसरे टोक धरले. व्यवस्थापकांनी आराखड्यासाठी संगणकावर घेतलेली त्याची प्रतही माधवीने पुसून टाकली, आणि तेवढ्या कामाला मात्र संगणक खरोखरच वापरला गेला.

शनिवारी सकाळी आराखडा गेला. त्या दिवशी मुहूर्त होता. दुपारी अजितरावांबरोबर जाताना एका भिंतीमागे एक साधी पांढरी गाडी उभी दिसली. तिच्यावर एकही अक्षर नव्हते. एक स्त्री पदराला हात पुसत आत चढली, दुसरी उतरली आणि पुन्हा पातेल्यांकडे गेली. “मामासाहेब, काय बघताय?” अजितरावांनी विचारले. मी म्हणालो, “काही नाही. चला.” ते त्या गल्लीचे नाव सांगू लागले, मी त्यांना थांबवले.

रविवारी परत निघालो. माधवीने डब्यात लीलो चिवडो (हिरवी मिरची घातलेला, गोडसर ओला चिवडा) बांधून दिला. पुठ्ठ्याची नळी मी तेथेच सोडून आलो. गाडीत बसल्यावर आपण या वयात काय शिकलो याची उजळणी केली. आकडे खोटे बोलत नाहीत, असे मी आयुष्यभर सांगत आलो. ते खोटे बोलत नाहीतच, पण आकड्यामागचा शब्द कोणी कोणत्या भाषेत आणि कोणत्या भीतीने लिहिला, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते, आणि विचारून झाल्यावर गप्प बसावे लागते. मला हे शिकवणाऱ्या बाईने माझ्याकडून काही मागितले नाही, माझी चूक जगजाहीर केली नाही आणि माझी बाही धुऊन दिली. उपकार कोणाचे कोणावर, हा प्रश्न चिटणीसांनी आता स्वतःच सोडवावा.

तरीही मंडळात काहीजण म्हणतील की म्हातारा विनयाने बोलतो आहे, पंचांगाची युक्ती त्याचीच असणार. विनय हा माझा दोष आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही, पण असो. मी पुरावा देतो. आराखडा जाण्यापूर्वी त्याला टिपण जोडायचे होते, ‘ही सूचना मंजुळाबेन यांची आहे’ असे. त्यासाठी माधवीने आवक-जावकची फाईल काढली, तेव्हा तीत मंजुळाबेनच्या अक्षरातला, कोणी न वाचलेला एक कागद सापडला. त्यावर एकच ओळ होती: ‘गाडी वाडीना मुहूर्त प्रमाणे मोकलवी’ (गाडी वाडीच्या मुहूर्ताप्रमाणे पाठवावी). कागदावर आवकचा शिक्का आहे. त्या शिक्क्याच्या तारखेस मी साताऱ्यात घरी बसून नकाशात लाल शाई भरत होतो.